मी विंडल, रंग लाल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. बाईचे वय विचारू नये म्हणतात, पण तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकते. माझा जन्म १९१३ सालचा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावर. विंडल नावाचे दोन भाऊ तिथे सायकली बनवत. पाय मारून लोक दमतात, म्हणून त्यांनी सायकलीला इंजिन लावले. लोक तरीही दमत. कारण मला चालू करायची तर आधी स्टँडवर उभी करून घाम फुटेपर्यंत पायडल मारावे लागे. आम्ही बहिणी दोनशेच्या आसपास झालो. मग भावांनी कपडे धुण्याची यंत्रे बनवायला घेतली आणि श्रीमंत झाले. आमच्या वेळी त्यांना नुसते कौतुक मिळाले होते.

माझा रंग लाल. बरणीत मुरलेल्या बीटासारखा गडद लाल. टाकीवर पिवळी बारीक रेघ आहे, ती डाव्या बाजूला किंचित घसरली आहे. रेघ ओढणाऱ्या माणसाला ऐन वेळी शिंक आली. माझ्या तोंडावरच आली, म्हणून खात्रीने सांगते.

पुढे बारा वर्षे मी खेडोपाडी टपाल वाहिले. चिखलात रुतले, पण पत्र कधी चुकवले नाही. मग टपालवाल्याने मोटार घेतली आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यात लोटले. चाळीस वर्षे कोंबड्या माझ्यावर बसून झोपल्या. कोंबडी हा काही अभ्यासू प्राणी नाही. पण तुझा रंग काळा आहे, असे एकाही कोंबडीने मला कधी सांगितले नाही. हा तिचा मोठेपणा मला पुढे शिकलेली माणसे भेटल्यावर कळला.

खुराड्यातून मला एमिल हॅव्हरकँपने सोडवले. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मका सोलायचे एक यंत्र खुराड्याच्या मालकाला देऊन त्याने मला घेतले, आणि दोघांनाही आपण समोरच्याला फसवले असे वाटले. तो सगळा हिवाळा एमिलने कोमट पाणी आणि जुन्या सदऱ्याचा तुकडा घेऊन माझ्या अंगावरची घाण भिजवून भिजवून काढली. त्याची बायको लोरेटा म्हणायची, "माझ्या पाठीला मलम लावायला सांगितलं तर तुझे हात दुखतात."

"तुझी पाठ पुन्हा मिळेल, लोरेटा. हा रंग एकदाच मिळतो."

त्यावर त्याला दोन दिवस थंड जेवण मिळाले. पण रंग वाचला.

आता तुम्हाला संग्राहक नावाच्या जमातीबद्दल सांगायला हवे. ही माणसे चर्चमध्ये गुडघे टेकायला कुरकुरतात आणि मोटारसायकलीखाली मात्र आडवी होतात. दर सप्टेंबरात आमच्या जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर त्यांचा मेळा भरतो. तिथे परीक्षक गुण देतात, आणि त्यांची रीत जगावेगळी आहे. यंत्र कारखान्यातून निघाले तसेच असले पाहिजे. एखादा नट गंजला तर गुण जातात, आणि कारखान्यात होता त्याहून जास्त चकाकला तरीही जातात.

या मंडळींच्या पुस्तकात छापले होते की विंडल गाड्या सगळ्या काळ्या. जगात आम्ही दोघीच उरलो होतो. दुसरी ग्रेडी पेल्हमच्या खाजगी संग्रहालयात होती. ती काळी कुळकुळीत, तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा अशी. दर वर्षी कोणीतरी एमिलला टोचायचेच. "काय एमिल, बायकोची लिपस्टिक संपवलीस का हिच्यावर?"

एमिल म्हणायचा, "माझी लग्नाला निघालीय. ग्रेडीची दफनाला."

पण त्याने मला परीक्षेला कधी उभे केले नाही. लोक खोटारडा म्हणतील ही भीती त्याला नव्हती. ते कागदावर लिहून देतील, ही होती.

गेल्या जानेवारीत एमिल गेला. लोरेटा शहात्तर वर्षांची, एकटी. ग्रेडीने तिला सांगितले की मी विंडलला संग्रहालयात कायमची जागा देतो, पण नियमाप्रमाणे काळी करून. लोरेटाने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. परीक्षकाने रंग खोटा ठरवला तर खुशाल काळी कर, एवढाच शब्द दिला. सप्टेंबरात तिने मला गाडीत चढवले आणि थेट परीक्षेच्या रांगेत उभे केले.

परीक्षक होता मर्ल टॅडसन, एमिलचा चाळीस वर्षांचा मित्र. लोरेटा त्याला म्हणाली, "मर्ल, आज काय ते एकदा लिहून टाक. रंग मूळचा आहे म्हणालास, तर ही एमिलचं नाव लावून अशीच राहील. नाही म्हणालास, तर सोमवारी ग्रेडीचा रंगारी येणार आहे. मी शब्द दिलाय."

"दोस्तीखात्यात गुण देत नाही मी, लोरेटा."

"मागितलेत का? एमिलशी पत्ते खेळतानासुद्धा तू कधी दिले नाहीस."

मर्लने टॉर्च घेऊन सीटखाली डोके घातले. बराच वेळ तो खालीच राहिला. "एकच थर दिसतोय. लाल."

ग्रेडी शेजारीच उभा होता. माणूस वाईट नव्हता, फक्त पुस्तके फार वाचलेला होता. तो म्हणाला, "चांगला रंगारी आधीचं सगळं खरवडून मगच रंग देतो, मर्ल. एकच थर दिसणार. पुरावा म्हणजे हा." आणि त्याने काचेच्या चौकटीतला फोटो पुढे केला. १९१३ सालच्या चार जुलैचा, म्हणजे स्वातंत्र्यदिनाचा, विंडलच्या कारखान्याच्या फाटकातला. मिशीवाले कामगार, पुढे एक नवी कोरी विंडल, वर फाटकाला बांधलेला भला मोठा झेंडा. विंडल डांबरासारखी काळी.

मित्रांनो, मला तो दिवस आठवत होता. फोटोत मीच आहे. पण बोलायची सोय विंडल बंधूंनी दिलेली नाही.

मर्लने उसासा टाकला आणि पेन्सिल कागदाला टेकवली. त्याने 'पुन्हा' एवढा शब्द लिहिला. पुढे 'रंगवलेली' येणार, हे सगळ्यांना कळत होते.

"थांब जरा," लोरेटा म्हणाली. "एवढ्यासाठी माझ्या नवऱ्याला तीस वर्षं हसलात, तर तो फोटो मला नीट बघू तरी दे." तिने पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. मग शांतपणे विचारले, "ग्रेडी, हा कुठल्या देशाचा झेंडा आहे रे?"

"म्हणजे काय बाई? आपलाच."

"आपल्या झेंड्यावर काळे पट्टे कधीपासून आले?"

मर्लने चौकट हातात घेतली. फोटोतले पट्टे माझ्या टाकीइतकेच काळे होते. तो हळूच म्हणाला, "त्या काळी फोटो काचेवर घेत, आणि त्या काचेवर लाल रंग उमटतच नसे. लाल ते सगळं काळं दिसायचं. आजोबांच्या तरुणपणच्या फोटोत आमचं कोठारही काळं आहे, आणि ते तर लाल होतं. मला हे ठाऊक होतं, लोरेटा. जन्मभर ठाऊक होतं. कधी जोडलंच नाही."

"एमिल नेमकं हेच म्हणायचा, की मर्लला सगळं माहीत असतं, फक्त वेळेवर नसतं."

ग्रेडी मात्र मागे वळला. तो मेळ्यात आणून उभ्या केलेल्या आपल्या चकचकीत विंडलकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "माझी गाडी काळी करायला खरवडली, तेव्हा वरच्या थराखालून लाल निघाला होता."

मर्लने विचारले, "मग?"

"आम्हाला वाटलं, कोणीतरी अडाण्याने मागून फासलाय. तीन दिवस लागले खरवडायला. फार घट्ट बसला होता."

त्यावर कोणी हसले नाही. मर्लने 'पुन्हा' हा शब्द खोडरबराने पुसला आणि त्या जागी लिहिले, 'मूळ रंग. मालक: एमिल हॅव्हरकँप.' गुण शंभरातले त्र्याऐंशी. कोंबड्यांनी केलेल्या नुकसानाचे त्याने कापलेच. दोस्तीखाते नाहीच.

लोरेटाने ग्रेडीला घरी भाजलेल्या 'चेरी पाय' या गोड पदार्थाचा तुकडा दिला आणि म्हणाली, "टाकीवरची नावाची पितळी पट्टी काढली होतीस का?"

"नाही. ती ज्यांनी ठोकलीय ते रिव्हेट कारखान्याचे आहेत, म्हणून हात नाही लावला."

"मग तिथे बघ जाऊन."

पट्टीची एक कड जरा उचललेली होती. ग्रेडीने तिच्या फटीत टॉर्च धरला. आत नखाएवढा लाल ठिपका शिल्लक होता. आता त्याच्या संग्रहालयात लोक रांग लावून, एक डोळा मिटून, तो ठिपका बघतात. बाकीची चकाकी कोणी बघत नाही. मी हॅव्हरकँपांच्या कोठारात आहे. रविवारी लोरेटा त्याच सदऱ्याच्या तुकड्याने माझी धूळ पुसते आणि आठवड्याच्या बातम्या सांगते. माझ्या नावाने एमिलला सांगते, हे मला कळते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी जुने, डागाळलेले, कोपऱ्यात उभे असेल. त्याची धूळ जरूर पुसा. पण त्याला घासूनपुसून नवे करण्याआधी एकदा विचारून घ्या. ते बोलणार नाही, मीही बोलले नव्हते. म्हणून चष्मा लावून, जरा वेळ देऊन, नीट बघा. आणि खरवडताना एखादी गोष्ट फारच घट्ट लागली, तर हात थांबवा. ती बहुधा खरी असते.