आधी पाणी

व्हॉल्व्ह महिनाभरात पुन्हा गंजून घट्ट बसला होता. तिने पान्यावर दोन्ही हातांचा भार टाकला, जिभेवर आलेली शिवी प्रार्थनामंदिरात आहोत म्हणून गिळली आणि पुन्हा जोर लावला. मागे चर्चचा कारभार बघणारे कारभारीकाका उभे होते. हौदाचा पाइप कापून टाकायला त्यांनीच तिला बोलावलं होतं. ती पाइप कापायचं सोडून पाणी सोडते आहे हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"अगं, हे काय चाललंय?"

"हौद भरतेय," ती म्हणाली. "उद्या पहिला रविवार."

व्यासपीठामागच्या फळ्या उचलल्या की खाली बाप्तिस्म्याचा हौद होता. इतर ठिकाणी आधी कुणीतरी पुढे येतं, आपण ख्रिस्तावर विश्वास ठेवला असं सांगतं आणि मग त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायला हौद भरतात. इथला कारभार उफराटा. महिन्याच्या पहिल्या रविवारी हौद भरलेलाच असायचा, पाणी कोमट केलेलं असायचं, आणि उपासना संपता संपता पाळक कमरेएवढ्या पाण्यात उतरून वाट बघत राहायचे. बहुतेक वेळा कुणी यायचं नाही. पाळक, म्हणजे इथले धर्मगुरू, तिचे बाबाच होते. नळाचं काम शिकल्यापासून हौद भरायचा तो तिनेच. तिचा स्वतःचा कशावर विश्वास नव्हता, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं आणि तिनेही ते कधी झाकून ठेवलं नव्हतं.

कारभारीकाका काही वाईट माणूस नव्हते. आई गेली तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहून भांडी घासली होती त्यांनी. पण या एका मुद्द्यावर त्यांचं आणि बाबांचं कधी जमलं नाही. काका म्हणायचे, माणसाने आधी विश्वास ठेवायचा, मग देव नवा जन्म देतो. दार आतून उघडावं लागतं. बाबा म्हणायचे, मेलेला माणूस दार उघडायला उठतो होय? आधी देव जीव घालतो. नवा जन्म आधी, विश्वास हा त्याचा पहिला श्वास. चहा गार व्हायचा, पण दोघांपैकी एकही तसूभर हटायचा नाही. आता बाबांचा एक पाय लुळा पडला होता, उद्याची उपासना त्यांची शेवटची होती आणि येणारे नवे पाळक काकांच्या मताचे होते; कुणी पुढे यायच्या आधीच भरलेला हौद त्यांना नको होता.

खरं तर या वादाशी तिचं काही घेणंदेणं असायला नको होतं. पण होतं. काकांचं खरं धरलं तर ती हट्टी ठरत होती, वाढलेलं ताट लाथाडणारी. बाबांचं खरं धरलं तर दोष तिच्याकडे येत नव्हता. ज्याने द्यायचं त्यानेच दिलं नव्हतं, आणि मग त्याच्यावर हवं तेवढं रागवता येत होतं. राग तिला पेलायचा. लाज पेलली नसती.

"पाइप कापायचा असेल तर दुसरा प्लंबर बघा," ती म्हणाली.

काका बाकावर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुला वाटतं ही रीत जुनी आहे? तू शाळेत होतीस. तुझ्या बाबांनी इथे सगळ्यांसमोर तुला विचारलं, विश्वास ठेवतेस का. तू नाही म्हणालीस. पुढच्या महिन्यात बघतो तर हौद भरलेला. आम्ही विचारलं, कुणासाठी? म्हणाले, बघू." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एका पोरीसाठी अख्ख्या मंडळीला ताटकळत ठेवलं. बोलणार नव्हतो मी."

पाणी तळाला लागल्याचा आवाज येत होता. ती पाना हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणजे इतकी वर्षं आपण कुणासाठी पाणी तापवत होतो, हे घरात एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याने तोंडातून ब्र काढला नव्हता. तिला बाबांचा संताप आला, आणि त्या संतापातच डोळे भरून आले.

"मग तर मुळीच कापणार नाही," असं म्हणून तिने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

रविवारी बाबा काठी काठावर ठेवून पाण्यात उतरले. ती नेहमीसारखी हीटरच्या बटणापाशी, कामाच्या बुटांत उभी होती. बाबांनी कुणाला हाक मारली नाही, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गीत संपलं. कुणी उठलं नाही. पहिल्या बाकावर काकांनी घड्याळ पाहिलं.

मग बाबा वळायला गेले आणि त्यांचा लुळा पाय सरकला.

ती बुटांसकट पाण्यात होती. बाबांच्या बगलेत खांदा घालून तिने त्यांना उभं केलं. तेवढ्यात मंडळीतली सर्वांत म्हातारी बाई, जिला चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं, पाळकांची लेक पाण्यात उतरली एवढंच बघून बाप्तिस्म्याचं गीत म्हणू लागली. सगळे उठून उभे राहिले. तुमचा घोटाळा होतोय असं ओरडून सांगावंसं तिला वाटलं.

"थांबा," कारभारीकाका काठाशी आले. गीत विरलं. "आधी तिला विचारलं पाहिजे. विश्वास ठेवतेस का?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे कायम तयार असायचं. तिने तोंड उघडलं आणि ते यायची वाट बघितली. बुटांत पाणी भरलं होतं. बाबांचं सगळं वजन तिच्या खांद्यावर होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "नाही म्हणता येत नाहीये मला."

"घाई नाही," बाबा म्हणाले. "पाणी गरम आहे अजून."

काकांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"ऐकलं मी, काका. उत्तर यायचं तेव्हा येईल. तुम्ही बसा."

काका बसले नाहीत, पण काठापासून एक पाऊल मागे सरले. तिने बाबांना कठड्याला नीट टेकवलं, वाकून एकेक बूट काढला, त्यातलं पाणी ओतून दोन्ही काठीशेजारी ठेवले आणि अनवाणी पाण्यातच उभी राहिली.