काढाल तेवढं घाला

"दूध प्याल्याबगर बाईच्या अंगावर दूध येतंय व्हय?" आमच्या सासूबाई, साखरबाई, बारामतीपास्नं यष्टीत येकच घोकत व्हत्या. "म्हशीला पेंड घातली न्हाय तर म्हस दूध देती का?"

मी म्हणलं, "आत्याबाई, म्हस पेंड खाती. ती काय दूध पीत न्हाय."

आजूबाजूची माणसं खदाखदा हसली. आत्याबाईंनी माझ्याकडं असं बगितलं, की निमगाव येईस्तवर मी खिडकीतनं उसाकडंच तोंड करून बसले. सारजा माझं नाव, आन् माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत न्हाय. पर त्या दिशी हसण्याजोगं काय बी न्हवतं. माझी धाकटी जाऊ स्वप्नाली फुडच्या शिटावर बसली व्हती. तिच्या मांडीवर तान्ही म्हाळसा, आन् लेकराच्या दुपट्यावर पुन्यांदा रगताचा डाग.

स्वप्नाली पळसदेवची. माहेर धरणाच्या पाण्याकाठी. बाप मासं धरायचा, दारात म्हस न्हाय. पयलं बाळंतपण तितंच झालं. मासं-भाकरी खाऊन ती आन् लेकरू दोघीबी टुणटुणीत आल्या. आमच्याकडं आणली आन् आत्याबाईंनी कौतुकानं नुसता दुधाचा मारा लावला. अळिवाची खीर दुधात, डिंकाचं लाडू तुपात, वर हळद घालून तांब्याभर दूध. "माहेरात काय मिळालं असंल बिचारीला," म्हणायच्या. थोड्याच दिसांत लेकराच्या शीमदी रगत दिसाय लागलं. रडून रडून पोर काळीनिळी व्हायची. अंगारा झाला, दिष्ट काढून झाली, मंग बारामती गाठली.

तितल्या डॉक्टरीण पद्माबाई. त्यांनी समदं नीट इचारून घेतलं. म्हणाल्या, "म्हशीच्या दुधातलं काहीतरी आईच्या दुधातून बाळाच्या पोटात जातंय आणि ते तिला सोसत नाही. आजपासून आईला दूध बंद. दही, ताक, तूप, खवा, चहातलं दूधसुद्धा. अंगावर पाजणं मात्र अजिबात सोडायचं नाही." मंग आत्याबाईंकडं वळून म्हणाल्या, "पण हिला उपाशी ठेवू नका. जेवढं काढाल तेवढं दुसरं घाला. भाकरी, उसळी, शेंगदाणे, तीळ, गूळ, अंडी, मासे. दिवसातून पाच वेळा खाऊ दे. हिचं पोट रिकामं, तर बाळाचंही रिकामं."

आता बगा, घरी आल्यावर बंद काय काय केलंय ते समद्यांच्या ध्यानात. घालायचं काय, ते कुणाच्याच न्हाय. पथ्य म्हणलं की आमच्यात काढायचंच असतंय. अंडी-मासं तर पयल्याच दिशी गेलं, कारण आत्याबाईंच्या गळ्यात माळ. आन् पाच येळा खायाचं? सुनंनं? गडीमाणसं जेवायच्या आदी? माझा दीर सिद्धू, स्वप्नालीचा नवरा, कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. तो म्हणाला, "वैनी, शेजारपाजारची माणसं काय म्हणतील? सून दिसभर तोंड हलवत बसलीया."

"शेजाऱ्याच्या लेकराला रगत पडतंय का?" मी म्हणलं. "मंग शेजाऱ्याला काय इचारायचं?"

मी हट्टच धरला. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करायची, लसूण-जिरं घालून. त्याला तूप लागत न्हाय आन् पोटाला धरून ऱ्हातंय. शेंगदाणं-गुळाचं लाडू वळायची. तिळाची चटणी भाकरीवर बोटभर. पर माझ्या हाताला चव पडली हेच वाईट झालं. माडग्याचा वास आला की गडी वरपून जायचं. आमच्यात सुना मागनं जेवणार, तवर पातेल्याच्या बुडाला दोन पळ्या. मी तणतणायची, स्वप्नाली म्हणायची, "असू द्या अक्का, मला लई भूक न्हाय." खोटं. भाकरी थापताना पिठाकडं बगायची ती, मी पाह्यलंय.

पर लेकराचं रगत थांबलं. पयल्यांदा दुपटं सोच्छ निघालं तवा आत्याबाईंनी घरभर हिंडून दाखवलं.

लेकरू सुधारलं आन् आई खंगत चालली. येकदा कालव्यावरनं धुणं घेऊन येताना गोठ्याच्या मेढीला धरून ती तशीच खाली बसली. डोळ्यांम्होरं अंधारी. तितं आमचं सासरं, म्हस्कू आबा, बसल्यालं व्हतं.

आबांचं सांगायचं तर, येके काळी त्यांच्याकडं मेंढरांचा मोठा कळप. पाणी आलं, रानात ऊस आला, कळप गेला. ऱ्हायली येक शेळी, तांबडी. आबा तिच्याशी बोलायचं तेवढं आमच्याशी न्हाय बोलायचं. नातीचं नाव मातर त्यांनीच ठिवलं, म्हाळसा. बारशाला बाया म्हणल्या, आजकाल असलं नाव कोण ठिवतंय? आबा म्हणालं, "मी ठिवतोय."

त्या दिशी आबा मला म्हणालं, "सारजे, पोरगी उपाशी हाय."

"तुमच्या बायकूला सांगा की," मी म्हणलं. "मी सांगून सांगून माझा घसा बसला."

आबा उठून तांबडीकडं गेलं.

त्यानंतर स्वप्नालीच्या तोंडावर जरा तेज आलं. दूध बी भरपूर उतराय लागलं, लेकराला ठसका लागायचा. मी गावभर सांगत सुटले, माझ्या माडग्याची करामत म्हणून. आन् मंग येके सकाळी दुपट्यावर पुन्यांदा डाग.

झालं. घरात नुसता संशेव. आत्याबाई म्हणाल्या, "हुलगं उष्ण. बंद." माडगं गेलं. डाग थांबंना. "शेंगदाणं पित्त करत्यात. बंद." मंग तीळ. मंग गूळ. मंग डाळ. सिद्धूला वाटलं, बायकू चोरून दूध पिती. त्यानं तिच्या तोंडाचा वास घेतला, माझ्यादेखत. ती पोरगी उठली, देव्हाऱ्यातला भंडारा उचलून कपाळाला लावला आन् म्हणाली, "म्हशीच्या दुधाचा थेंब माझ्या जिभेला लागला असंल तर खंडोबा बघून घील." सिद्धू खाली मान घालून भाईर गेला. शेवटी तिच्या ताटात ऱ्हायलं काय? भात, जवारीची भाकरी आन् मीठ. मला येवढा संताप यायचा, की मी भाकऱ्या नुसत्या आपटायची. जेवढं काढाल तेवढं घाला, म्हणली व्हती डॉक्टरीण. कुणी घातलं का?

घातलं व्हतं. ते आमाला मागनं कळलं.

डॉक्टरणीकडं परत न्या म्हणून मी कितींदा सांगितलं. सिद्धूचा गाळपाचा हंगाम, आत्याबाईंचं आपलं, "ह्यो डाळीचा फरक तर बगू." म्हाळसा भिजवल्याल्या कणकीवानी पांढरी पडली. त्यात जुलाब लागलं, ताप चढला, मान टाकली. तवा कुठं धावाधाव. शेजारच्या टेम्पोत घालून बारामतीला नेली. आबा बी चढलं टेम्पोत, कुणी या म्हणलं नव्हतं तरी.

पद्माबाईंनी लेकराला सलाईन लावली आन् स्वप्नालीला म्होरं बसवलं. "सकाळी उठल्यापासून काय काय खातेस? सगळं सांग."

"सकाळी उठलं की तांब्याभर शेळीचं दूध. मंग भात. मंग दुपारी भाकरी, आन् सांच्याला परत शेळीचं—"

"शेळीचं दूध?"

"व्हय. आबा देत्यात. गोठ्यातच पिती, धारंचं. म्हशीचं न्हाय घेत मी, भंडाऱ्याची आण." लेकरू तसं पडल्यालं, तरी हे सांगताना पोरीच्या आवाजात हुरूप व्हता. आपुन पथ्य मोडलं न्हाय, याचा.

आबा दारात उभं व्हतं, पटका हातात. म्हणालं, "बाई, शेळीचं तर औषद असतंय. आमी धनगर माणसं. आई मेल्याली लेकरं जगवल्यात आमी शेळीवर. डेरीला जातंय ते दूध बंद केलं व्हतं न्हवं तुमी?"

पद्माबाई हळूच म्हणाल्या, "आबा, या बाळाच्या पोटाला शेळीचं आणि म्हशीचं सारखंच."

"रगत पडाय लागलं तशी आमच्या हिनं पोरीचं ताट कमी केलं," आबा म्हणालं. आत्याबाईंकडं त्यांनी बगितलं बी न्हाय. "ताट कमी झालं तसं मी दूध वाडवलं. मला बगवंना तिच्याकडं, बाई. उपाशी व्हती ती."

आमी समद्यांनी मिळून तिच्या ताटातलं काढलं, आन् येकट्या म्हाताऱ्यानं घातलं. आन् तेच नडलं. देवा, ह्यो कुठला न्याव?

म्हाळसा दुसऱ्या दिशी दुपारी गेली. येवढ्याशा लेकराला जाळत न्हाईत. आबांनीच तिला रानाच्या बांधाला नेली, कुणाच्या हातात दिली न्हाय.

घरात कुणी आबांशी बोलंना. सिद्धू म्हणाला, त्या शेळीला बाजारात नेतो, खाटकाला देतो. आत्याबाई चुलीम्होरं बसून सारख्या म्हणायच्या, "औषद म्हणं, औषद." मी त्यांना म्हणाले, "तुमी गप बसा. तुमी पाच घास घातलं असतं तर त्यांना तांब्या घ्यावा लागला नसता." लई लागलं त्यांना. लागू दे.

आन् स्वप्नालीचं दूध काय आटंना. ज्या दुधासाठी घरात येवढं रामायण झालं, ते दूध पान्हा फुटून वाहायचं. पदर भिजायचा, चोळी कडक व्हायची. मी कापडाचा पट्टा घट्ट बांधून द्यायची. ती काय रडली न्हाय, नुसती भितीला टेकून बसायची.

आबांनी तांबडीला हात लावायचा सोडला व्हता. येक-दोन येळा मीच कशीबशी पिळली, पर मला ती नीट धार देईना. कास टरारली. येके दिशी सकाळधरनं तिनं वरडून वरडून आळी डोक्यावर घेतली. स्वप्नाली उठून भाईर आली. म्हणाली, "अक्का, तिला दुकत असंल." मंग आबांम्होरं जाऊन उभी ऱ्हायली. "आबा, पिळा तिला."

आबा उठलं. तांब्या घेऊन बसलं, धार काढली. निम्मं दूध खाली सांडलं. तांब्या भरला, आन् आता ते घालायचं कुठं हेच त्यांना सुचंना. शेवटी उकिरड्याकडं वळलं.

स्वप्नालीनं हात फुडं केला.

"द्या हिकडं, आबा. आता मला चालतंय."

उभ्या उभ्या प्याली ती, समदा तांब्या, आमच्या समद्यांच्या देखत. सिद्धू दारात, आत्याबाई चुलीपाशी. आबांनी पटक्याचा शेव तोंडात कोंबला आन् गोठ्यातच खाली बसलं. ती रागानं म्हणाली का मायेनं, मला आजून उमगलं न्हाय. तिनं तांब्या इसळला, दगडावर पालथा घातला आन् धुण्याची पाटी उचलून कालव्याकडं गेली.