बायडाबाईंचा पाय कुणासमोर हलतो

बायडाबाईंचा डावा पाय हलायचा, पण कुणी बघत नसलं तरच.

हे पहिल्यांदा पाहिलं त्यांच्या सुनेनं, मोहिनीनं, आणि तेही चुकून. पोरीला पदराखाली घेऊन ती दाराआड बसली होती. बाहेर पडवीत बाजेवर सासू पडलेली. मेंढरांच्या वाडग्यातून सुटलेलं एक कोकरू बाजेपाशी आलं आणि घोंगडीचं टोक चघळायला लागलं. बायडाबाईंनी जिभेनं टकटक केलं. कोकरू कशाला ऐकतंय? मग घोंगडीखालून डावा पाय निघाला, कोकराच्या नाकाडाला टेकला आणि त्याला हळूच मागं सारलं. कोकरू गेलं. पायही आपला परत घोंगडीखाली गेला.

पोळ्याच्या सुमारास लकव्यानं गेलेला पाय हाच. वाचा वाचली होती, हातात थोडी धुगधुगी आली होती, पण पायानं दोन महिने कुणालाच दाद दिली नव्हती. आणि तोच आता कोकराशी गुजगोष्टी करत होता.

दुसरी एखादी असती तर धावत जाऊन नवऱ्याला सांगती. मोहिनीचा स्वभाव निराळा. कोडं दिसलं की ते आधी स्वतःशीच उलटंपालटं करून बघायचं, धान्य पाखडावं तसं. पोरगी झोपली, तरी ती दाराआड बसून राहिली. आत्यांचा, म्हणजे सासूचा, पाय हलतो तर मग डॉक्टरसमोर का हलत नाही?

डॉक्टर म्हणजे सत्यम. केजचा पोरगा, फिजिओथेरपी शिकलेला. गल्लीत मात्र त्याला सगळे ‘कसरतवाला डाक्टर’ म्हणत. एक दिवसाआड त्याची मोटारसायकल युसूफ वडगावात शिरायची, आणि ती मोहिनीच्या नवऱ्याच्या, नाथाच्या दारात थांबायच्या आत पडवी भरलेली असायची. आजारी माणसाला एकटं ठेवायचं नाही, हा गावचा रिवाज. ठेवलं तर लोक घराला नावं ठेवतात. शेजारच्या भामाबाई यायच्या, त्यांच्या मागून आणखी बायाबापड्या, आणि उशापाशी खुर्ची टाकून बंकटराव बसायचे. बंकटराव म्हणजे बायडाबाईंचे थोरले दीर. ते बसले की बायडाबाईंचा उजवा हात डोक्यावरचा पदर सावरण्यातच गुंतायचा.

सत्यम घोंगडी बाजूला करायचा, पायाखाली उशी सरकवायचा आणि म्हणायचा, “चला मावशी, उचला. एक…”

पडवी त्याच्या मागोमाग म्हणायची, “एक.”

पाय ढिम्म.

“उचल की बायडे,” बंकटराव म्हणायचे. “काय जातं बांधलंय का पायाला?”

“बांधलं असतं तर सोडलं तरी असतं,” भामाबाई तोंडाला पदर लावून म्हणायच्या, आणि सगळे हसायचे. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. माणसं मायेनंच यायची, मायेनंच हसायची. बायडाबाई तेवढ्या पत्र्याकडं बघत राहायच्या.

अंदाज सगळ्यांनी बांधून झाले होते. नाथाला वाटायचं, आईला परक्या पुरुषाचा हात नको असेल. म्हणून त्यानं मध्यंतरी अंबाजोगाईहून एका बाईंना आणलं. त्यांनीही उशी सरकवली, ‘एक’ म्हटलं, पाय जागचा हलला नाही. भामाबाईंचं मत वेगळं होतं, आणि ते त्यांनी पाणवठ्यावर मोहिनीला ऐकवलं.

“सुनेच्या हातचं आयतं गोड लागतंय तिला. उठली की मेंढरामागं जावं लागंल न्हाई का?”

मोहिनीला ते खोटं वाटलं. जी बाई बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी कळपामागं गेली होती, तिला आयतं कशाला गोड लागेल? तरी एखादा भाकरीचा तुकडा सासूच्या तोंडात भरवताना तिच्या मनात ते वाक्य कुसळासारखं टोचून जायचं.

त्यात बुधवारी सत्यमनं पिशवी आवरता आवरता नाथाला बाजूला घेतलं. “नाथाभाऊ, शुक्रवारी शेवटचं येऊन बघतो. पाय काहीच साथ देत नसंल तर माझ्या येण्यात अर्थ न्हाई. मग त्यांना कुशीवर वळवायचं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या न्हाईत, ते सगळं वहिनींना शिकवून ठेवतो.”

म्हणजे बाज कायमची. मोहिनीनं दाराआडून ते ऐकलं. पाय हलतो, हे एकट्या तिला माहीत होतं. पण सांगून काय उपयोग? सांगितलं तर म्हणतील, बघा, भामाबाई म्हणत होती तेच खरं, म्हातारी ढोंग करती. का हलत नाही ते कळल्याशिवाय नुसतं हलतो म्हणून सांगणं म्हणजे सासूला पंचायतीत उभं करणं.

गुरुवारी केजचा बाजार. सगळी गल्ली बाजाराला गेली. नेमकं त्याच दिवशी सत्यमला शेजारच्या वस्तीवर काम होतं, म्हणून जाता जाता तो पाच मिनिटं डोकावला. पडवीत सासू, मोहिनी आणि पोरगी, बास. बंकटरावही नव्हते. मोहिनी डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. सत्यम म्हणाला, “बघू मावशी,” आणि टाच उशीवरून सुटली. थोडीशीच, पण सुटली. सत्यमचा चेहरा उजळला. “वा. हा झाला एक. आता दोन…”

टाच खाली आली. मग उठली नाही.

म्हणजे माणसं हे एक कारण झालं, पण पुरतं नाही. माणसं नसताना पाय उठला तो का पडला? मोहिनी दिवसभर त्यातच गुंतली. भांडी घासताना, पोरीला न्हाऊ घालताना, पीठ मळताना, एकच विचार.

उत्तर दिलं पोरीनं. संध्याकाळी भामाबाई बाजारातून येऊन टेकल्या आणि पोरीच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “दात आले वाटतं. किती आले गं?”

मोहिनीनं पोरीचा ओठ वर केला. “हे बघा, एक, दोन…”

बाजेवरून उजवा हात आला आणि तिच्या मनगटावर फटका बसला. जोराचा नव्हता, पण फटकाच.

“मोजू नगं लेकराचं,” बायडाबाई म्हणाल्या.

भामाबाई गेल्या तरी मोहिनी मनगट धरून बसली. तिला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. तिचं माहेर घाटनांदूरचं, शेतीवाडीचं. तिथं सोयाबीनची पोती मोजायची, कडब्याच्या पेंढ्या मोजायच्या, मोजलं नाही तर बाप ओरडायचा. या घरात आल्यावर तिनं सहज विचारलं होतं, आपली मेंढरं किती आहेत? सासू, सासरे, नवरा, सगळ्यांचे घास हातातच राहिले होते. रात्री नाथानं समजावलं होतं, आमच्यात मेंढरं मोजत नसतात. सांजच्याला आई वाडग्याच्या तोंडाशी उभी राहते आणि एकेकीचं तोंड बघून नाव घेते. तोंड दिसलं नाही की कोण राहिली ते कळतं. मोजलं की नजर लागते, मोजलेलं कमी होतं.

मोहिनी उठून बाजेच्या कडेला बसली.

“आत्या, एक इचारू का? रागावणार न्हाईत ना?”

“इचार.”

“डाक्टर मोजत्यात म्हणून पाय खाली ठेवता का तुमी?”

 बायडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “कसलं एवढं इचारतीस?”

“मी बघितलंय. कोकराला सारलं तवा.”

आता चोरी सापडली होती. म्हातारीच्या तोंडावर आधी लाज आली, मग हसू, आणि मग बरेच दिवस साठलेलं बोलणं.

“हे बघ. पायात कसंबसं एवढंसं आलंय. कोंबानी वर यावं तसं. ते चार माणसांत बसून मोजायचं? त्यो एक म्हणतो, गल्ली एक म्हणती. मोजून मोजून आलेलं बी जाईल माझं. आन् थोरले बसल्यात उशाला. त्यांच्यापुढं आजवर मी पदर ढळू दिला न्हाई, आन् त्यो पोरगा येऊन घोंगडी वढतो, गुडघ्यापर्यंत लुगडं सारतो. मी काय करू? एका हातानं पदर धरू का पाय उचलू?”

“मग सांगितलं कावून न्हाई?”

“कुणाला सांगू? इचारलं कुणी?” त्यांनी उजवा हात बाजेवर आपटला. “दवाखान्यात असते तर म्हणले असते, घर त्याचं हाय, त्यो म्हणंल तसं. पर ही पडवी माझी, बाज माझी, पाय बी माझा. आन् कुणी बसायचं, कुणी हात लावायचा, ते ठरवणार दुसरेच.”

 दोन महिने तिनं सासूचं सगळं केलं होतं, न्हाऊ घालणं, खाणंपिणं. पण अंगाला हात लावण्याआधी ‘लावू का’ असं तिनंही विचारलं नव्हतं. तिनं सासूची घोंगडी नीट केली, आणि करता करता विचारलं, “पायावर घेऊ का आणखी?” बायडाबाईंनी तिच्याकडं नवलानं बघितलं आणि मान हलवली.

शुक्रवारी मोटारसायकलचा आवाज आला तशी मोहिनी पोरीला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत पळत गेली आणि सत्यमला तिथंच अडवलं. सगळं सांगितलं, कोकराचं सोडून. ते तिनं सासूचं म्हणून ठेवलं.

सत्यमनं गाडी बंद केली. तो हसेल अशी तिला भीती होती. तो हसला नाही. हेल्मेट टाकीवर ठेवून त्यानं विचारलं, “मग मेंढरं नेमकी मोजतात कशी?”

“मोजत न्हाईत. नावं घेत्यात.”

“सगळ्यांना नावं हायत?”

“आत्यांना ठाऊक. मला निम्मी बी येत न्हाईत.”

त्यानं गाडीची किल्ली काढून खिशात घातली. “आम्हाला शिकवलंय हो वहिनी, घरी गेलं की आधी माणसाला विचारायचं. मी विचारलंच न्हाई. मी नुसतं सांगत गेलो.”

पडवी नेहमीसारखी भरलेली. पण आज सत्यमनं घोंगडीला हात लावला नाही. तो बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर मांडी घालून बसला.

“मावशी, आज कसं करायचं ते तुमी सांगा. कुठं करायचं, कोण बसंल, पायाला हात लावू का नको. तुमी थांब म्हणलं की मी थांबणार.”

पडवीत कुजबूज झाली. बंकटराव खुर्चीत पुढं सरकले. “डाक्टरनं सांगायचं आन् रोग्यानं ऐकायचं का रोग्यानं सांगायचं? हे कोणतं नवीन औषध काढलं?”

“औषध जुनंच हाय, मामा,” सत्यम म्हणाला. “मीच द्यायचं इसरलो होतो.”

आता अवघड भाग आला. बायडाबाई थोरल्या दिराशी आयुष्यात समोरासमोर बोललेल्या नव्हत्या. त्यांनी पदर पुढं ओढला, तोंड भिंतीकडं केलं आणि सुनेला हाक मारली.

“मोहिनी, थोरल्यांना सांग, त्यांनी घरात बसून च्या घ्यावा. कसरत हुईपर्यंत.”

बंकटराव तीन हातांवर बसले होते. सगळं ऐकून झालं होतं. पण निरोप अजून आला नव्हता, म्हणून तेही थांबले. मोहिनीनं वळून सांगितलं, “मामा, आत्या म्हणत्यात, घरात बसून चहा घ्या.”

बंकटरावांनी मिशीवरून हात फिरवला. “तिला सांग,” ते मोहिनीला म्हणाले, “साखर कमी घालायची. शुगर हाय मला.” आणि ते उठले. थोरलेच उठले म्हटल्यावर बाकीच्यांना बसून चालेना. भामाबाई उंबऱ्यात जरा रेंगाळल्या.

“मी तर बाईमाणूस. मी बसू का?”

“तू बी जा,” बायडाबाई म्हणाल्या. “तुझं लई ध्यान असतं.”

मग त्यांनी सांगितलं, पडवीत नको, वाडग्यात. नाथानं आणि सत्यमनं बायडाबाईंसकट बाज उचलली आणि घरामागं काट्याकुपाटीच्या वाडग्यात नेऊन ठेवली. सासरे कळप घेऊन रानात गेले होते. मागं राहिली होती ती कोकरं, एक लंगडणारी मेंढी आणि दोन-तीन व्यालेल्या. नाथाला बायडाबाईंनी हातानंच लांब जायला सांगितलं. मोहिनीनं विचारलं, “मी?” सासू म्हणाली, “तू ऱ्हा.”

“पाय धरू का, मावशी?” सत्यमनं विचारलं.

“टाचंखाली हात ठिव. नुसता. उचलू नगं.”

त्यानं तळहात ठेवला. बोलला काहीच नाही. कोकरं बाजेभोवती जमली. लंगडी मेंढी रवंथ करत बघत राहिली. बायडाबाईंनी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “तांबडी.”

टाच तळहातावरून सुटली. वर गेली, थरथरली, खाली आली.

“झिपरी.”

पुन्हा सुटली. या वेळी थोडी जास्त वेळ राहिली. सत्यमचे ओठ हलले, पण आवाज काढला नाही. मोहिनीनं पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

“काळतोंडी.” पाय उठला. “मुकी.” पाय उठला. मग प्रत्येक कोकराचं नाव. काही नावं तर बहुतेक त्याच क्षणी ठेवलेली असावीत, कारण एका कोकराला त्या ‘डाक्टर’ म्हणाल्या आणि सत्यमला हसू आवरलं नाही. बायडाबाईंच्या कपाळावर घाम आला होता. पदर खांद्यावर घसरला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

मग त्या थांबल्या.

“दमलात का?” सत्यमनं विचारलं. “आणखी एकदा जमंल का बघा. पाय लई चांगला…”

“बास.”

त्यानं तळहात लगेच काढून घेतला.

“दमले न्हाई,” बायडाबाई म्हणाल्या. “हितली संपली. बाकीची रानात हायत. जी समोर न्हाई तिचं नाव घेऊन पाय कसा उचलू?”

सत्यमनं वाडग्याच्या रिकाम्या भागाकडं बघितलं, लेंड्या, काटे, खुरांनी तुडवलेली माती. “मग?”

“मग सकाळी येऊ नगं. सांजच्याला ये, सगळी आली की.”

“सांजच्याला केजला माझी दुसरी माणसं असतात, मावशी.”

“त्यांना इचार,” बायडाबाई म्हणाल्या, “त्यांना सकाळी चालतंय का.”

सत्यम मोहिनीकडं बघून हसला, मोबाईल काढला, वेळा बघितल्या. “रविवारपासून जमवतो. किती वेळ धरू? म्हंजे सगळी मेंढरं मिळून किती…”

मोहिनीनं नुसत्या भुवया वर केल्या.

त्यानं मोबाईल खिशात घातला. “येतो रविवारी,” तो म्हणाला. “वेळ काढूनच येतो.”