सात नंबरचा व्हॉल्व्ह

सॉफ्टवेअरने दोष दिला होता सात नंबरच्या व्हॉल्व्हला. पण व्हॉल्व्हला काही घरी बसवता येत नाही, म्हणून घरी बसणार होता तो चालवणारा कामगार, पोपट.

लोणी काळभोरजवळच्या त्या केमिकल कारखान्यात तापमान चढून अख्खी बॅच नासली होती. आकड्यांवरून बिघाड ओळखायचं सॉफ्टवेअर सदाशिव पेठेतल्या सहा जणांच्या कंपनीचं होतं आणि ते लिहिलं होतं रुपालीने, साई पोटात असताना. आता अकरा महिन्यांचा साई इंदुबाईंच्या पाळणाघरात होता आणि सॉफ्टवेअरची आउटपुट फाइल छापून चौकशीच्या टेबलावर.

"कॉम्प्युटर सांगतोय, तू व्हॉल्व्ह उघडलास आणि तिथेच घोळ झाला," मॅनेजर जयसिंगराव म्हणाले.

"थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाय तो, साहेब. तापायला लागल्यावर उघडू नको, तर काय आरती करू त्याची?"

चौकशीला बोलावलेल्या रुपालीला हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. पोपटचं बरोबर होतं. मग फाइल उलटं का सांगते? तिने पहिलं पान काढलं. ठणठणीत मशीन कसं असतं, हे सॉफ्टवेअरला ज्या नऊ दिवसांच्या आकड्यांवरून शिकवलं, त्यांच्या तारखा तिथे होत्या. सगळ्या ऑक्टोबरच्या.

"पोपटदादा, खंडेनवमीला मशीन चालू होतं?"

"आवं ताई, त्या दिवशी पूजा असती त्याची! हार घातलेला, कुंकू लावलेलं. दसऱ्यालाबी बंद. मग तीन दिवस धुणंपुसणं."

नऊपैकी पाच दिवस मशीन गार, व्हॉल्व्ह बंद. सॉफ्टवेअर बिचारं तेच शिकलं, की बंद व्हॉल्व्ह म्हणजे तब्येत उत्तम. तिने ते आकडे जसेच्या तसे भरले होते. आणि स्वतः त्या नवमीला ऑफिसच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून पेढे खात बसली होती.

शेजारी बसलेला तिचा साहेब सुदर्शन पुटपुटला, "हे ऑफिसात बोलू. बाळ झाल्यापासून तुला जगाचीच माया यायला लागली आहे."

"माया साईसाठी आहे, सर. ही माझी चूक आहे."

ती कॉम्प्युटरकडे गेली, ते पाच दिवस काढले आणि पुन्हा चालवलं. वीस मिनिटांनी नवी फाइल आली. संशयितांच्या यादीत सर्वांत वर मशीन तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह होता, पोपटची पाळी सुरू होण्याच्या दोन तास आधीपासून गळणारा. सात नंबर पार तळाला.

"वा. तिसरी फाइल कधी?" जयसिंगराव म्हणाले.

"म्हणाल तेव्हा. पण पहिली चुकीची आहे, हे लिहून देते." तिने पेन उचललं आणि जुन्या प्रिंटवर लिहिलं: हा निकाल माझ्या चुकीमुळे आला आहे. यावरून कुणाला दोषी धरू नये. खाली पूर्ण नाव, सही.

"कंपनीचं नाव घालवलंस," सुदर्शन म्हणाला.

"कंपनीचं नाव कुठे लिहिलंय? माझं लिहिलंय." मग ती जयसिंगरावांकडे वळली. "वाफेचा व्हॉल्व्ह खोलून बघा. तोवर मी हलणार नाही."

आणि खरंच हलली नाही. फक्त इंदुबाईंना फोन केला: उशीर होईल, वरणभात मऊ कालवा, झोपला तर उठवू नका.

तासाभराने फिटर चिंध्यांत गुंडाळून वाफेच्या व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झडप जिच्यावर घट्ट बसते ती कडी, घेऊन आला. तिच्यावर नखाएवढी खाच पडली होती, वाफ गळायला पुरेशी. जयसिंगराव ती बराच वेळ फिरवून बघत राहिले.

"पोपट, उद्या पहिल्या पाळीला ये."

"येतो की. पर ह्या कॉम्प्युटरला आधी माफी मागायला सांगा."

रुपाली उठून उभी राहिली.

"मागते, दादा," ती म्हणाली.