सूरपाटीवर कोण?

"सूर गावाचा असते गा, घरचा नसते!"

गावी आट्यापाट्या शिकवणाऱ्या चंपतराव वस्तादांचा हा आवाज शालिकराम सरांच्या कानात अजून ताजा होता. वस्ताद कधीच गेले, गावाबाहेरचं ते मैदान नांगरलं गेलं, तिथे तूर डुलू लागली. आवाज मात्र बांधावरच्या बोरीसारखा जागच्या जागी उभा. लहानपणी सरांना त्यात नुसती दरडावणी ऐकू यायची. आता ते स्वतः नागपुरातल्या एका कॉलेजात खेळाचे मास्तर होते, स्वतःचाच पोरगा संघात आला होता, आणि त्या आवाजाचं ओझं रोज सकाळी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून कॉलेजात येत होतं.

खेळ आट्यापाट्यांचा. चुन्याने नऊ आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येकीवर एक गडी उभा. समोरच्या पोरांनी त्याला चकवून पाटी ओलांडायची. हात लागला तो बाद. ज्यांच्या पाट्या जास्त ओलांडून झाल्या ते जिंकले. या नऊ पाट्यांच्या छातीतून आरपार गेलेली लांब उभी रेघ म्हणजे सूरपाटी. तिच्यावर धावायचा मान फक्त पहिल्या पाटीवरच्या गड्याचा, आणि त्यालाच म्हणायचं सूर. बाकीचे आठ आपापल्या रेघेवर डावं-उजवं करतात. सूर गोधडीतल्या दोऱ्यासारखा सगळ्या मैदानातून फिरतो आणि आठ तुकडे एक करतो.

त्या हिवाळ्यात संघाचा जुना सूर पास होऊन चांद्याला नोकरीवर गेला आणि जागा रिकामी झाली. विद्यापीठाची स्पर्धा तोंडावर आली होती. जागेवर दावा दोघांचा. एक धोंडबा, कामठीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, वसतिगृहात राहणारा, ताडासारखा उंच. दुसरा चंद्रभान. सरांचा एकुलता एक.

"निवडून राहिले कायले?" धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर वामनराव प्राध्यापक बशीत चहा ओतत म्हणाले, "सायबाच्या घरचं लग्न, अन् पत्रिका पाहून राहिले!"

टपरी हसली. सर हसले नाहीत. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि सायकल काढली.

पक्षपात नको म्हणून त्यांनी घरातही कायदा केला होता. हंगाम सुरू झाला की चंद्रभानने त्यांना 'सर'च म्हणायचं. प्रताप नगरातल्या त्या दोन खोल्यांत मग रोज जेवताना नाटक रंगायचं.

"सर, वरण सरकवा."

"आधी सांग, सकाळी धापा काहून टाकून राहिला होता?"

"सर, वरण."

चंद्रभानची आई, पंचफुलाबाई, तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या, "हे सर, तू विद्यार्थी, मंग मी कोण? मेसवाली? महिन्याचे पैसे टाका दोघंही!"

चंद्रभान फिस्सकन हसला. सरांनी मान खाली घालून वांग्याचं भरीत संपवलं. पोराला सूर व्हायचंय हे त्यांना दिसत होतं. पहाटे अंगणात दोरीची सूरपाटी टाकून तो एकटाच धावायचा. समोर कोणी नसताना हुलकावण्या द्यायचा, आणि चुकला की स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचा.

निवडीच्या दिवशी सरांनी निंबाखाली खुर्ची टाकली आणि मैदानाकडे पाठ करून बसले.

पोरं चक्रावली. "सर, तिकडं तं भिंत हाय."

"भिंतच पाहतो. आमचे वस्ताद सूर असाच निवडत. पाय तं सगळ्याइचेच पळतात. मैदानाले कोण जागं ठेवते, ते कानानं कळते. दोघं आळीपाळीनं सुरावर या. कोण आधी, ते मले सांगू नका."

"धोंडबाचा आवाज तं बर्डीवरच्या बहिऱ्यालेही ओळखू येते, सर!"

"चूप बे!" धोंडबा गरजला, आणि सगळं मैदान खदखदलं.

पहिला डाव सुरू झाला. सरांनी डोळे मिटले. मागे चुन्याची भुरभुरीत माती पायाखाली कुरकुरत होती. पावलं आली. हलकी, घाईची, ज्वारीच्या कणसावर उतरणाऱ्या चिमण्यांसारखी. गेली, वळली, परत आली. "बाद!" कोणीतरी ओरडलं. पुन्हा पावलं, पुन्हा "बाद!" सरांच्या हातातलं संत्रं न सोलताच नखांच्या खुणांनी भरून गेलं. एवढं धावणं, एवढी पकड, आणि सुराच्या तोंडून एक शब्द नाही. आठ पाट्यांवरची पोरं आपापल्या परीने चाचपडत होती. सर वाट पाहत राहिले. डाव संपला. सूर मुका तो मुकाच.

मग दुसरा आला, आणि निंबावरचे पोपट उडाले. "डावी घे बे! मागं, मागं! अरे सोड त्याले, तो हूल देऊन राहिला! सहावी, जागी हायेस का निजली?" पावलं जड होती, दोन गडी निसटलेही. पण आठही पाट्या एका अंगाने हलताना ऐकू येत होत्या.

सर उठले, वळले. "दुसरा," म्हणाले. "चंद्रभान, तू नववी पाटी धर. शेवटची."

"हो सर," चंद्रभान म्हणाला आणि नवव्या पाटीकडे चालू लागला.

त्या दिवशी घरात कोणी कोणाला 'सर' म्हणालं नाही, कारण कोणी बोललंच नाही. पंचफुलाबाई तांदूळ निवडत बसल्या आणि निवडता निवडता, कोणाला उद्देशून नाही असं दाखवत, गुणगुणल्या:

"बाप बाभळीचं झाड, वर काटेच काटे गं,
साल सोलून पाह्यलं, आत डिंक दाटे गं."

"कोणाले म्हणून राहिली वं?" सरांनी विचारलं.

"बाभळीले," त्या म्हणाल्या आणि सूप जरा जोरात आपटलं.

अंतिम सामना अमरावतीच्या पोरांशी पडला. विद्यापीठाच्या मैदानावर थंडीचं कोवळं ऊन, दोरीपलीकडे माणसांची दाटी, संत्र्यांच्या सालींचा वास. पंचफुलाबाई शेजारच्या इंदूबाईंना घेऊन आल्या होत्या. इंदूबाईंना खेळातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्या दोन्हीकडच्या पोरांसाठी टाळ्या वाजवत होत्या.

धोंडबा जीव तोडून खेळला. पण अमरावतीची पोरं पाऱ्यासारखी. शेवटच्या डावापर्यंत धोंडबाचा घसा बसला आणि श्वास तोकडा पडला. धावलं की ओरडता येईना, ओरडलं की पाय थांबे. पाठीमागून तीन गडी सरकले, चौथी ओलांडली, पाचवी ओलांडली. आणखी तीन-चार पाट्या गेल्या की चषक अमरावतीला. सरांनी ओठ दाताखाली धरला.

नवव्या पाटीवरून चंद्रभानला सगळं मैदान ताटातल्या जेवणासारखं स्वच्छ दिसत होतं. कोण कुठे झुकलाय, कोण हूल देतोय, धोंडबाच्या पाठीमागे कोण दबा धरून बसलाय. तो एकदा ओठांवरून जीभ फिरवताना दिसला. आणि मग ती हाक फुटली.

"धोंडबा! माघारी फिर! उजवीकडं, पाचवीच्या मागं!"

धोंडबा न पाहता गर्रकन वळला आणि हात टाकला. बाद!

"आता सरळ ये! सातवी, डावं दाब! येऊ दे त्याले मधात, येऊ दे... घे!"

बाद!

मग तो थांबलाच नाही. एक बोलत होता, एक पळत होता, आणि मधले सात जण दोघांच्या मध्ये ओवले गेले होते. तिसरा गडी कोंडीत सापडून स्वतःच हसायला लागला. शिटी वाजली तेव्हा नागपूर दोन पाट्यांनी पुढे होतं.

पोट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. धोंडबाने चंद्रभानला खांद्यावर उचललं आणि बसक्या घशाने ओरडला, "अबे, एवढा गळा होता तं आजपर्यंत कोठीत ठेवला होता का?" इंदूबाई विचारत होत्या, "झालं का वं? आपण हारलो का जिंकलो?" आणि पंचफुलाबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

घरी जाताना त्या दोघी रिक्षाने पुढे गेल्या. बाप-लेक सायकली हातात धरून पायीच निघाले. वस्ती मागे पडली, दोन्हीकडे शेतं लागली, ऊन कलून पिवळं झालं. चाकं करकरत होती.

"त्या दिवशी काहून नाही बोलला?" सरांनी विचारलं.

चंद्रभानने घंटी उगाच एकदा वाजवली. "पोट्टे म्हणत, बाहेरून बाप हुकूम सोडते, आता मैदानावर पोरगा सोडीन. मी तोंड उघडलं असतं तं म्हणाले असते, आलं बापाचं राज. तुमचंच नाव खराब झालं असतं. म्हणून म्हटलं, पायानं जे होते ते होते."

"अन् आज?"

"आज हारून राहिलो होतो ना. हारताना कोण कोणाचा पोरगा, कोणाच्या ध्यानात राहते?"

सर थांबले. त्यांनी सायकल एका खांबाला टेकवली. हात मोकळे झाले, पण त्यांचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

"भानू, म्या पाठ करून बसलो होतो ना, तं पहिल्याच पावलाले ओळखलं तुले. तू रांगत होता तवापासून ऐकून राहिलो ते पाय. म्हटलं, एक हाक दे, पोरा. एकच. मंग तुझंच नाव घेतो." त्यांनी सायकलची सीट हाताने पुसली. "अन् खरं सांगू? त्याच वक्ताले वाटून राहिलं होतं, नको देऊ. दिली असती तं मले तुले निवडा लागलं असतं, अन् मंग टपरीवर तोंड दाखवा लागलं असतं."

"म्हणजे भेले तुमी?"

"भेलो."

चंद्रभान हसू दाबत म्हणाला, "अन् धोंडबा?"

"धोंडबा चांगलाच हाय. त्याच्या निवडीत खोट नाही." सरांनी शेताकडे पाहिलं, मग सरळ पोराच्या तोंडाकडे पाहिलं. "पण तू भल्ला पळते, गा, लय झकास. त्या दिवशीही भल्ला पळला, आजही. अंगणात एकटा पळत होता, तवाही मी खिडकीतून रोज पाहत होतो. सांगितलं नाही."