हातभर मोकळी जागा

बारक्याचं वजन ब्याण्णव किलो. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव, ते चौतीस वर्षांचा झाला तरी सुटलं नव्हतं. हॉस्पिटलच्या बागेत तो माळी होता आणि त्याची थोरली बहीण तिथलीच मुख्य माळी. घरी ताई, कामावरही ताई. म्हणजे सुटीच्या दिवशीसुद्धा साहेब घरातच.

पुढच्या लॉनमध्ये अकरा पाम होते. दोन मजले उंच, एका रांगेत. त्यांच्याबद्दल ताईचा एकच नियम होता आणि तो ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. खोडाभोवती हातभर जागा मोकळी पाहिजे. तिथं गवत नको, पाचोळा नको, काही नको, नुसती माती. आणि तिथलं गवत काढायचं ते खाली बसून, खुरप्यानं.

"बाकीच्या झाडांना लागलं तर साल भरून येते," ती म्हणायची. "याला तशी साल कुठंय? याला ओरखडा पडला की तो जन्माचा."

हे सगळं बारक्याला पटत होतं. खाली बसणं पटत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती रजेवर गेली. बाग बारक्याच्या हातात आली. पहिला आठवडा तो इमानदारीत बसला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं गवत कापायचं मशीन काढलं, ते नायलॉनची दोरी गरागरा फिरते ते, आणि उभ्या उभ्या अकरा झाडांभोवतीचं गवत अर्ध्या तासात उडवलं. एक काडी शिल्लक नाही. काय छान दिसत होतं! मधूनमधून दोरी खोडाला लागायची तेव्हा खर्रकन आवाज यायचा, एवढंच.

महिनाभर हे चाललं. मग एक दिवस त्याचं खोडाकडे नीट लक्ष गेलं. प्रत्येक झाडाला घोट्याएवढ्या उंचीवर गोल पट्टा पडलेला. करदोटा बांधल्यासारखा. काही ठिकाणी तर बोट बसेल एवढी खाच.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन. "जरा झाडांचे फोटो पाठव."

त्यानं तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर जाऊन फोटो काढले.

"हे काय, विमानातून काढलेस का?" ताई म्हणाली. "मला शेंडे नको दाखवूस, बुंधे दाखव."

"उद्या पाठवतो," तो म्हणाला, आणि तो उद्या काही आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या आवारातून छाटलेल्या फांद्यांचा चुरा आणला, चांगला वीस पाट्या, आणि प्रत्येक बुंध्याला गुडघाभर उंच ढीग लावला. खोडाला अगदी चिकटवून. खाचा गायब, गवतही गायब.

गंमत म्हणजे हॉस्पिटलचे मॅनेजर खूश झाले. गाडीतून उतरले आणि थबकलेच.

"वा! आता कसं हॉटेलसारखं दिसतंय. तुझ्या ताईला हे सुचलं नव्हतं." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या पाच महिन्यांनी निवृत्त होतायत. त्यांच्या जागी तुलाच घेऊ. फक्त त्यांनी एकदा हो म्हटलं पाहिजे, बागेतलं त्यांनाच कळतं."

मुख्य माळी! बारक्या त्या दिवशी घरी उड्या मारायचाच बाकी होता.

अडीच महिने असेच गेले. आता ताई सोमवारी रुजू होणार होती. तिला ते ढीग दिसले असते तर ती गेटातूनच ओरडली असती. म्हणून आधीच्या शुक्रवारी बारक्यानं चुरा काढायला घेतला. खाचांचं काय ते नंतर बघू, मातीबिती चोपडू, असा त्याचा विचार. पहिली दोन झाडं झाली. चुरा आतून ओला, कुबट, किडे वळवळत होते, पण खोड घट्ट होतं.

तिसऱ्या झाडाचा ढीग उपसला आणि तो तसाच बसून राहिला.

बुंध्याला एक छत्री चिकटली होती. अळंबीसारखी, पण लाकडासारखी टणक. वरून तपकिरी, चकचकीत, कडेला पांढरी. अर्ध्या बशीएवढी. त्यानं शेजारी खुरप्याचं टोक टेकवलं. नुसतं टेकवलं हो. ते चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं.

या झाडाच्या बरोब्बर खाली सिमेंटचा बाक होता. पेशंटचे नातेवाईक दिवसभर त्यावर बसायचे, कारण दुपारची सावली तिथंच.

तेवढ्यात दाजी आले. ताईचे मिस्टर, हॉस्पिटलचेच वायरमन. कुठलाही दिवा गेला की दाजी, आणि कुठलाही सल्ला हवा असो वा नसो, दाजीच.

"काय मेहुणे, जमिनीत खजिना सापडला काय?"

बारक्यानं बोटानं दाखवलं. दाजींनी वाकून पाहिलं, शिट्टी वाजवली.

"तुझ्या बहिणीनं एकदा सांगितलं होतं मला. ही छत्री बाहेर आली म्हणजे झाड आतून गेलेलं असतं. औषध नाही याला."

"माझ्या मशीनमुळे झालं असेल का हो?"

"ते मला काय विचारतोस? मी वायरी जोडतो." दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. "हे बघ, छत्री तोड. वर पुन्हा चुरा टाक. फक्त या एकाच झाडाला. तिला सांग, मॅनेजरनी टाकायला लावला. मॅनेजरना आवडलाय, ते नाही म्हणणार नाहीत. एकदा तुझं नाव लागू दे, मग दोन महिन्यांनी आपोआप सापडेल. सापडतंच."

"आणि तोवर पडलं तर?"

"चार महिने पडलं नाही, आता बरं पडेल!"

दाजी गेले. बारक्यानं छत्री तोडली. कट्ट आवाज आला. ती बादलीत टाकली आणि पाटी उचलली. पण बाकावर तोवर एक बाई येऊन बसली होती, मांडीवर डबा, शेजारी म्हातारे सासरे.

"बाई, जरा पलीकडे बसता का?"

"का हो?"

"काम चालू आहे."

"मग चालू द्या की. आमची काही अडचण नाही."

त्यानं दोरी आणून बाक चारी बाजूंनी बांधला, तेव्हा ती उठली. बारक्या पाणी प्यायला गेला आणि परत येतो तर दोरीवरून पाय टाकून दोन जण आत बसलेले. त्यांना उठवलं. ते गेले, तर ती बाई सासऱ्यांना धरून पुन्हा आली.

"अहो दोरी दिसत नाही का?"

"दिसते. पण यांना ऊन सोसत नाही, आणि तुम्ही कारण सांगत नाही."

"झाड पडेल म्हणून!" बारक्या ओरडलाच.

बाईनं वर पाहिलं. मग त्याच्या हातातल्या चुऱ्याच्या पाटीकडे पाहिलं.

"झाड पडणार आहे, आणि तुम्ही त्याला भुसा घालताय?"

त्यानं पाटी खाली ठेवली, म्हाताऱ्यांना हात देऊन आत व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि तिथूनच फोन लावला.

"ताई, एक सांगायचंय."

"सांग. धापा का टाकतोयस?"

"तिसऱ्या पामला छत्री आलीय."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? रोज तिथंच असतोस ना?"

"वर चुरा होता."

"कसला चुरा?" ताईचा आवाज खाली आला. तो वर गेला असता तर बरं, असं बारक्याला वाटलं. "खोडाला चुरा कोणी लावला?"

मॅनेजरचं नाव जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर.

"मी. मशीननं खोडं सोलली, ती दिसू नयेत म्हणून. अकराच्या अकरा."

ताई म्हणाली, "त्या बाकावर कोणाला बसू देऊ नकोस. मी येते."

अर्ध्या तासात ती काठी टेकत गेटातून आत आली. भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या झाडापाशी जाऊन काठीनं बुंधा ठोकला, कान देऊन ऐकलं, पुन्हा ठोकला. मग विचारलं, "छत्री कुठंय?" त्यानं बादली पुढे केली. "तोडलीस पण?" एवढंच म्हणाली.

मॅनेजर खाली आले. त्याच संध्याकाळी झाडं पाडणारी माणसं बोलावली, आणि शनिवारी दुपारपर्यंत तिसरा पाम तुकडे होऊन लॉनवर पडला होता. बुंध्याच्या कापाला बाहेरून दोन बोटं चांगलं लाकूड होतं. आत सगळा तपकिरी चोथा.

"हे माझ्यामुळे?" बारक्यानं विचारलं.

"कोण जाणे. मातीतूनही येतं हे. ओल्या चुऱ्यानं मदत केली असेल, खाचांनी केली असेल. मला नाही सांगता येणार," ताई म्हणाली. "पण छत्री उघड्यावर असती तर मागच्याच महिन्यात कोणाला तरी दिसली असती. तूच झाकलीस."

मॅनेजरनी घसा खाकरला. "बरं, ते तुमच्या जागेचं... म्हणजे यानं निदान सांगितलं तरी. मी तर याचंच नाव..."

"नको," ताई म्हणाली. "भाऊ आहे म्हणून स्पष्ट सांगते. सांगितलं हे खरं. पण अडीच महिने लपवलं हेही खरं. बाहेरून माणूस आणा."

बारक्याच्या समोर बोलली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. वाईट वाटलं का? वाटलंच. दोन दिवस तो ताईशी बोलला नाही, आणि दाजी त्याच्याशी बोलले नाहीत, कारण त्यांचा फुकटचा सल्ला वाया गेला होता. पण त्या दोन दिवसांत उरलेल्या आठ झाडांचा चुरा त्यानं उपसला, आणि दहाही झाडांभोवती हातभर जागा मोकळी केली. बसून.

ताई निवृत्त झाल्यावर नवे मुख्य माळी आले. वयानं बारक्यापेक्षा लहान, चष्मा, हातात वही. पहिल्याच सकाळी रांगेपाशी उभे राहिले.

"झाडांभोवती ही टकलं कशासाठी? मॅनेजर म्हणत होते, इथं आधी छान चुरा होता."

"होता," बारक्या म्हणाला. "नाही टाकायचा. गवतही येऊ द्यायचं नाही."

"का?"

"या, दाखवतो."

दोघं वाकले. नव्या साहेबांनी खोडावरच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, खाचेत घालून पाहिलं.

"हा कोणाचा पराक्रम?"

"माझा."

साहेबांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं.

"आता मशीन कोण चालवतं?"

"मीच. पण फक्त मधल्या लॉनवर."

"बरं," साहेब वहीत लिहीत म्हणाले. "मग चला, पुढची नऊ बघू."