तीन नंबरच्या सापळ्याचं शून्य

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. चिखलीच्या एका सुताराने मला सागाच्या चौकटीत बसवलं, आणि तेव्हापासून मी कॉलेजच्या गणित विभागात भिंतीवर आहे. माझ्यावर एखादी सिद्धता उमटली की पोरं एकटक पाहत राहायची आणि माझी छाती फुगायची. एकमेकांकडे मात्र कुणी पाहत नसे.

गणित शिकवणाऱ्या मुबीना मॅडमना हेच खटकायचं. "गणितानं नोकरी मिळेल, पण ती टिकवायला चार माणसांत काम करता आलं पाहिजे," असं त्या दर शनिवारी वेगळा तास घेऊन सांगत. पोरं जांभया देत.

बीटी कपाशीलाही बोंडअळी लागू लागली, तेव्हा मॅडमनी वर्गातल्या तिघांना एक काम दिलं. राखीने अमडापूरच्या शालूबाईंच्या शेतातल्या सापळ्यांत अडकलेले बोंडअळीचे पतंग रोज मोजायचे, गजेंद्रने त्यावरून फवारणीची वेळ काढायची आणि कामरानने ती शालूबाईंना सोप्या भाषेत सांगायची.

राखीने आकडे माझ्यावर लिहिले. खाली एक ओळ लिहिली, 'तीन नंबरचा सापळा वाऱ्याने पडला. त्याचं शून्य धरू नये.' ती गेल्यावर गजेंद्रला समीकरणाला जागा हवी होती. त्याने ती ओळ न वाचताच पुसली. मी नुसता पाहत राहिलो. फळ्याला तोंड नसतं. शून्य धरल्याने पतंगांची सरासरी खाली आली आणि फवारणीची घाई नाही असं निघालं.

"एकदा राखीले विचारू ना बे," कामरान म्हणाला.

"तुले यातलं काय समजते?" म्हणत गजेंद्रने स्वतःच शालूबाईंना फोन लावला. "काकू, आठ दिवस फवारू नका."

पंधरा दिवसांनी शालूबाई पदरात बोंडं घेऊन वर्गात आल्या. एक फोडून टेबलावर ठेवलं. बाहेरून हिरवंगार, आत गुलाबी अळी. "तुमी सांगतलं म्हून थांबली मी," एवढंच त्या बोलल्या आणि गेल्या.

गजेंद्र राखीवर उखडला. "तू मले सांगतलं काऊन नाही?"

"लिहून ठेवलं होतं. ओळ दिसली नाही, तं वाटलं तू ध्यानात घेतलं," राखी म्हणाली. "अन् तू कवा कोणाचं ऐकलं?"



पुढच्या वर्षी वेळापत्रकातून शनिवारचा तासच गेला. गणितवाल्यांना हे कशाला, असं ठरलं. मॅडम भांडल्या आणि हरल्या. तिघं अजून आपणहून अमडापूरला जातात. शालूबाई चहा देतात, सापळे मोजू देतात. कधी फवारायचं, ते मात्र विचारत नाहीत.

मित्रांनो, पुसलं जाण्याचं मला दुःख नाही, तो माझा धर्मच आहे. पण हात उचलण्याआधी ओळ वाचत जा, आणि ज्याने लिहिली त्याला एकदा विचारत जा.